मुलांना आधुनिक चित्रकार शिकवायचेत? आधी हात कामाला लावा, नाव शेवटी सांगा (बडोद्यातल्या वर्गांसाठी सविस्तर)

शाळेत चित्रकार शिकवायचे म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार चालतो, फळ्यावर नाव, जन्म, मृत्यू, गाजलेली दोन-तीन चित्रं, आणि मग मोबाइलवर व्हॅन गॉगचं ते चांदण्या रात्रीचं चित्र दाखवून "चला, आता असंच काढा". चाळीस मुलं निळे गोल फराटे मारतात, चार जणांचं बरं येतं आणि बाकीची मुलं आपलं चित्र आणि ते चित्र शेजारी ठेवून ठरवून टाकतात की आपल्याला काही चित्रकला येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. नक्कल करून मुलाला चित्रकार कळत नाही, त्याला फक्त आपण किती कमी पडलो ते कळतं.

मी क्रम उलटा करते. त्या चित्रकारापुढे जो प्रश्न होता तोच आधी मुलांपुढे ठेवायचा, त्यांना आपापल्या हाताने त्याच्याशी झटापट करू द्यायची, काम झालं की चित्र दाखवायचं, आणि नाव-गाव-साल अगदी शेवटी. मुलं तेव्हा चित्राकडे वेगळ्याच नजरेने बघतात, कारण त्यांनी स्वतः आत्ताच त्या जागी काहीतरी ठरवलेलं असतं आणि या माणसाने काय ठरवलं याची त्यांना खरोखर उत्सुकता असते.

दुसरं, सुरुवात पॅरिसपासून का करायची? आपण बडोद्यात राहतो. इथल्या विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात, म्हणजे आपल्या फाइन आर्ट्सला, १९५० पासून ना. श्री. बेंद्रे होते, के. जी. सुब्रमण्यन होते, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, नसरीन मोहम्मदी यांनी इथेच शिकवलं, भूपेन खख्खर इथेच राहून चित्रं काढत होते. आपल्या रावपुऱ्यात-मांडवीत फिरलेली ही माणसं. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत यांची चित्रं आहेत आणि दांडिया बाजारात राहणाऱ्या आठवीतल्या मुलाला यातलं एकही नाव माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

खाली जे लिहिलंय ते पाचवी ते नववीच्या मुलांसाठी आहे, वर्गात चाळीसच्या आसपास मुलं आणि जोडून दोन तास असं धरून. एकच तास मिळत असेल तर काम एका आठवड्यात आणि चित्र दाखवणं पुढच्या आठवड्यात करा, चालतं, फक्त मधल्या दिवसांत नाव फुटू देऊ नका, नाहीतर मुलं नेटवर शोधून तयार होऊन येतात.

आधीची तयारी

चित्र मोबाइलवर दाखवू नका. झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री साइजची चांगली कलर प्रिंट काढा, दोन काढल्या तर उत्तम, एक फळ्यावर आणि एक मुलांच्या हातात फिरायला. प्रोजेक्टर असेल तर प्रश्नच नाही.

आणि चित्राचं खरं माप आधी शोधून ठेवा. हे मी कधीच सोडत नाही. वर्गातल्या फरशीवर खडूने त्या मापाची चौकट आखायची आणि मुलांना तिच्याभोवती उभं करायचं. फ्रेंच चित्रकार मातीसचं "द स्नेल" हे कागदी चित्र जवळजवळ २८६ सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे, ती चौकट आखताना बाकं सरकवावी लागतात आणि मुलं अवाक होतात, कारण पुस्तकात ते पोस्टाच्या तिकिटाएवढं पाहिलेलं असतं. खख्खरांचं "यू कान्ट प्लीज ऑल" साधारण १७५ सेंटिमीटरचा चौरस आहे, त्यात बाजूबाजूला तीन मुलं आरामात झोपून बघतात.

नसरीन मोहम्मदी: फक्त सरळ रेघ

वर्षाच्या क्रमात हे डिसेंबरात येतं, पण सांगायला मी नेहमी इथून सुरू करते, कारण यात "मला चित्र येत नाही" म्हणणारं मूल आणि बक्षीसवालं मूल एकाच रेषेवर उभं असतं.

सामान म्हणजे एक कोरा ए-फोर कागद, पट्टी, एक एचबी आणि एक फोर-बी पेन्सिल. खोडरबर नाही. रंग नाहीत.

मुलांना व्हरांड्यात घेऊन जा, जिथे खिडकीच्या गजांची किंवा जाळीची सावली जमिनीवर पडते तिथे. प्रत्येकाने आपला कागद सावलीत ठेवायचा, चारी कोपऱ्यांवर छोटे दगड ठेवायचे म्हणजे हलणार नाही, आणि सावलीची कड जिथे येते तिथे पट्टीने रेघ मारायची. मग दहा मिनिटं कागदाला हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी सावली सरकलेली असते, आता नव्या जागी परत रेघा मारायच्या, या वेळी पेन्सिल हलकी धरून. मुलांना इथेच पहिला धक्का बसतो, सूर्य सरकतो हे पुस्तकात वाचलेलं असतं पण तो आपल्या कागदावर सरकलेला पहिल्यांदाच दिसतो.

मग वर्गात या. आता त्या रेघांच्या मधे आणखी रेघा मारायच्या, पण नियम असा की सगळ्या सरळ आणि एकही एकमेकींना चिकटलेली नको. जिथे अंधार हवा तिथे जवळजवळ, जिथे उजेड हवा तिथे लांबलांब. शेडिंग करायचं नाही, बोटाने घासायचं नाही. वर्ग अगदी शांत होतो या वेळी, मुलं श्वास रोखून रेघ मारतात. कुणाचा हात हलला, रेघ वाकली, तर ती तशीच ठेवायची आणि पुढची रेघ मारताना तिला सांभाळून घ्यायचं.

हे झालं की नसरीनबाईंची चित्रं लावा. मुलांना विचारा, यात उजेड कुठून येतोय? ही रेघ इथेच का थांबली असेल? माझा अनुभव असा की याच चित्रांना "यात काय आहे, नुसत्या तर रेघा" म्हणणारी मोठी माणसं भेटतात, पण स्वतः तासभर रेघा मारलेलं मूल असं कधी म्हणत नाही.

आता माहिती सांगा. जन्म १९३७, कराचीचा. १९७२ पासून बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिकवायच्या, १९९० मध्ये वारल्या तोपर्यंत. शाई, पेन्सिल आणि इंजिनिअर लोक वापरतात तसली रेखांकनाची साधनं वापरायच्या. फोटोही काढायच्या, मागावर ताणलेले धागे, फरशा, असे. शेवटच्या काळात आजाराने शरीरावरचा ताबा कमी होत गेला तरी रेघेची शिस्त सुटली नाही. चित्रांना नावं त्या देत नसत, म्हणून आपल्या मुलांनीही आपल्या कामाला नाव द्यायचं नाही, मागच्या बाजूला फक्त तारीख आणि सावली कोणत्या वेळची ते लिहायचं.

भूपेन खख्खर: आपल्या गल्लीतला दुकानदार

याला जास्त वेळ द्या, दोन आठवडे तरी. माझा स्वतःचा हा सगळ्यात आवडता प्रकल्प आहे.

पहिला भाग घरचा. प्रत्येक मुलाने आपल्या घराजवळचा हाताने काम करणारा एक माणूस निवडायचा, घड्याळवाला, शिंपी, इस्त्रीवाला, पंक्चरवाला, सलूनवाले काका, सेव-उसळीच्या गाडीवरच्या मावशी, कुणीही. आई-बाबा किंवा मोठ्या भावंडाला बरोबर घेऊन जायचं आणि आधी विचारायचं, "काका, मला शाळेसाठी तुमच्या दुकानाचं चित्र काढायचंय, थोडा वेळ इथे उभा राहू का?" गिऱ्हाईक असेल तर थांबायचं. फोटो काढायचा नाही हे मात्र पक्कं, कारण फोटो काढला की मूल बघणं सोडून देतं. वहीत दुकानातल्या निदान पंधरा वस्तूंची यादी करायची आणि प्रत्येक वस्तूपुढे रंग लिहायचा. भिंतीवर कोणता देव आहे, कॅलेंडर कुठल्या कंपनीचं आहे, पाटीवर अक्षरं कशी आहेत, काकांचा चष्मा कसा आहे. जमलं तर एक प्रश्न विचारायचा, हे काम कुणाकडून शिकलात?

या याद्या वाचताना मन भरून येतं. सातवीतल्या एका मुलीने इस्त्रीवाल्यांच्या यादीत लिहिलं होतं, "पाण्याचा पितळी तांब्या, एका बाजूने चेपलेला, काका त्याच बाजूने धरतात." इतकं बारकाईने मोठी माणसंसुद्धा बघत नाहीत.

दुसरा भाग वर्गात, मोठ्या ड्रॉइंग शीटवर. माणूस आधी काढायचा नाही. आधी यादीतल्या वस्तू काढायच्या, जी वस्तू तुम्हाला महत्त्वाची वाटली ती मोठी, बाकीच्या लहान, खऱ्या मापाची फिकीर नको. घड्याळ माणसाच्या डोक्याएवढं झालं तरी चालेल. मग दुकानाची पाटी, अक्षरं जशी होती तशी, गुजराती असतील तर गुजराती. मग मागची भिंत एकाच ठसठशीत रंगात रंगवायची, सपाट. आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या जागेत माणूस बसवायचा. मुलं कुरकुर करतात की टीचर, माणसाला जागाच उरली नाही. तुम्ही काही सुचवू नका, त्यांचं त्यांना काढू दे. कुणी अर्धाच माणूस काढतं, कुणी पाठमोरा, कुणी नुसते हात, आणि ते हात सगळं सांगतात.

मग "जनता वॉच रिपेअरिंग" दाखवा, १९७२ चं. हे चित्र लावल्यावर वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या, "टीचर, हे तर आमच्यासारखंच आहे!" त्यानंतर विचारा, लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये कुणाची चित्रं आहेत? रविवर्म्याने काढलेल्या राजघराण्यातल्या माणसांची, पुराणातल्या देव-देवतांची. मग घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाचं एवढं मोठं चित्र कुणाला का काढावंसं वाटलं असेल? या प्रश्नावर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि जाऊ द्यावीत, आधुनिक चित्रकला म्हणजे काय हे व्याख्येपेक्षा इथे जास्त समजतं.

खख्खरांचं सांगा की ते मुंबईचे, शिकले चार्टर्ड अकाउंटन्सी, १९६२ मध्ये बडोद्याला आले ते कलासमीक्षा शिकायला, आणि पुढे कितीतरी वर्षं हिशेबाचं काम सांभाळून चित्रं काढत राहिले. २००३ मध्ये वारले. मुलांना हे फार भावतं, कारण घरी त्यांना हेच ऐकवलेलं असतं की चित्रकलेवर पोट भरत नाही, आणि इथे एक माणूस दोन्ही करून दाखवतो.

शिक्षकांसाठी एक सूचना. "यू कान्ट प्लीज ऑल" या १९८१ च्या चित्रात बापलेक आणि गाढव ही आपली सगळ्यांची ऐकलेली गोष्ट आहे, लोकांचं ऐकून कधी बाप गाढवावर बसतो, कधी मुलगा, आणि शेवटी गाढवच हातचं जातं. पण पुढे घराच्या गॅलरीत उभा असलेला माणूस विवस्त्र आहे. पाचवी-सहावीला मी फक्त गोष्टीचा भाग मोठा करून दाखवते. नववीला पूर्ण चित्र दाखवायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्या. खख्खर समलिंगी होते आणि ते त्यांनी चित्रांतून उघडपणे मांडलं, मोठ्या मुलांनी विचारलं तर सरळ आणि आदराने सांगा, विषय बदलू नका. लोक काय म्हणतील या ओझ्याखाली जगणाऱ्या माणसाने हीच गोष्ट का निवडली ते मुलांना लगेच कळतं.

शेवटचं पाऊल म्हणजे चित्राची कलर झेरॉक्स काढून त्या दुकानदार काकांना नेऊन द्यायची. हे विसरू नका.

मातीस: फाटलेले पतंग आणि कात्री

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, झाली की दोन-तीन दिवस गच्चीवर, झाडाखाली, शाळेच्या मैदानात फाटके पतंग पडलेले असतात. मुलांना सांगून ते गोळा करा. मांजा मात्र मोठ्यांनीच कापून काढायचा, त्याला काच असते, आणि कामट्याही काढून टाकायच्या. सपाट करून जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा.

वर्गात एकच नियम, पेन्सिल नाही. कागदावर आधी आकार काढून मग कापायचा नाही, थेट कात्री घालायची. आकार कात्रीने शोधायचा. पहिली दहा मिनिटं मुलं घाबरतात, मग हात सुटतो. आणि कापून उरलेला तुकडा फेकू नका म्हणा, पान कापल्यावर उरलेलं भोकसुद्धा एक आकारच आहे आणि पुष्कळदा तोच जास्त सुंदर असतो. पतंगाचा कागद पातळ असल्यामुळे पिवळ्यावर निळा ठेवला की तिथे हिरवट दिसायला लागतं. सगळं मांडून झाल्यावरच चिकटवा, फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून ब्रशने अगदी पातळ. काही कागदांचा, विशेषतः लाल, ओला झाला की रंग सुटतो, तेव्हा तो सगळ्यात शेवटी चिकटवा.

मग सांगा की आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराचं १९४१ मध्ये मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर पूर्वीसारखं उभं राहून काम करणं अवघड झालं, तेव्हा मदतनीस कागद रंगवून द्यायचे आणि तो खुर्चीत किंवा बिछान्यात बसून थेट कात्रीने कापायचा. "द स्नेल" १९५३ चं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचं. खडूची चौकट आठवतेय ना, ती आता आखा.

ज्योती भट्ट: आजीची रांगोळी आणि ठसा

ज्योती भट्ट मूळचे भावनगरचे, जन्म १९३४, बेंद्रे आणि सुब्रमण्यन यांचे विद्यार्थी, मुद्राचित्रणातलं, म्हणजे ठशाने चित्र छापण्याच्या कलेतलं, मोठं नाव, २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. साठच्या दशकापासून गावोगावी हिंडून त्यांनी भिंतींवरची, अंगणातली चित्रं आणि रांगोळ्या कॅमेऱ्यात जपून ठेवल्या.

म्हणून काम असं, मुलांनी घरातल्या आजी, आई, काकू यांच्याकडून एक रांगोळी वहीत उतरवून आणायची, ठिपके मोजून. मराठी घरांत कुणाला चैत्रांगण येत असेल तर सोन्याहून पिवळं, ते आता फार कमी घरांत काढतात, चंद्र-सूर्य, गोपद्म, कासव, आंब्याचं झाड, पाळणा अशी सगळी चिन्हं आजीला विचारून लिहून घ्या. मग साधारण दहा सेंटिमीटरचा मऊ फोमचा तुकडा घ्यायचा, बोथट पेन्सिलने त्यात नक्षी दाबायची, स्पंजने घट्ट पोस्टर कलर लावायचा, वर कागद ठेवून वाटीच्या बुडाने गोल गोल दाबायचं. रंग लवकर सुकत असेल तर त्यात ग्लिसरीनचे दोन थेंब घाला.

फोमवर नक्षीबरोबर स्वतःचं नावही लिहायला सांगा आणि काही बोलू नका. पहिल्या ठशात नाव उलटं येतं, "क" चं पोट भलत्या बाजूला, आणि मग मुलं स्वतःच ट्रेसिंग पेपर उलटा धरायची युक्ती शोधून काढतात. प्रत्येकाने पाच ठसे काढायचे आणि खाली पेन्सिलने १/५, २/५ असं लिहून सही करायची, मुद्राचित्रकार तसंच करतात.

बाकीचे थोडक्यात

सुब्रमण्यन म्हणजे मणिदा काचेवर आणि ॲक्रिलिक शीटवर उलट्या बाजूने रंगवायचे. पारदर्शक प्लास्टिक शीटवर मुलांना तेच करायला द्या, आधी डोळ्यातली बाहुली, मग डोळा, मग चेहरा, मग पार्श्वभूमी, सगळा क्रम उलटा. साधा पोस्टर कलर प्लास्टिकवरून सोलून निघतो, ॲक्रिलिक वापरा. मणिदांनी फाइन आर्ट्सच्या मेळ्यासाठी लाकडाची-मण्यांची खेळणीही केली होती, लहान वर्गांना तेच जास्त आवडतं.

बेंद्रे आपले इंदूरचे, जन्म १९१०, पुढच्या काळात त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलेली चित्रं काढली. कान साफ करायच्या काड्यांनी पिवळे आणि निळे ठिपके शेजारी शेजारी द्यायला सांगा आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. चित्रकार रझांचा बिंदू सगळ्याच शाळांत करतात, पण कंपासने गोल काढून रंग भरला की रझा होत नाही. लहानपणी गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं होतं, तेव्हा आधी मुलांनाही पाच मिनिटं एका ठिपक्याकडे बघू द्या. गुलाममोहम्मद शेखांची कावड, म्हणजे दारं उघडत गोष्ट सांगायची चित्रांची पेटी, मोठ्या मुलांना द्या, खोक्याच्या पुठ्ठ्याची दारं करून प्रत्येक दारावर आपल्या घराची एकेक गोष्ट.

कीर्ती मंदिरची भेट

विश्वामित्री नदीजवळच्या कीर्ती मंदिरात शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत आणि बडोद्यातली निम्मी मुलं तिथे कधी गेलेली नसतात. सयाजीराव महाराजांनी त्यांना बोलावलं होतं, गंगावतरणाचं चित्र १९३९ चं, पुढच्या काही वर्षांत मीराबाई, रवींद्रनाथांच्या "नटीर पूजा" नाटकाचं चित्र आणि महाभारतातलं युद्ध. मणिदा शांतिनिकेतनात शिकले ते याच परंपरेत, हा धागा मुलांना दाखवा.

परवानगी आणि वेळ आधी विचारून घ्या. एका वेळी वीसच मुलं न्या. प्रत्येकाला एकच काम, भिंतीवरची एक व्यक्ती निवडायची आणि तिची फक्त हालचाल दहा रेघांत उतरवायची, चेहरा नाही, दागिने नाहीत. परत आल्यावर त्या सगळ्या आकृती लांब कागदाच्या गुंडाळीवर एकत्र उतरवून वर्गाचं एकच मोठं चित्र करा, कोण कुठे उभं राहणार हे त्यांनी भांडून-बोलून ठरवायचं, तुम्ही मधे पडू नका. कमाटीबागेतल्या म्युझियमची ट्रिप त्याच दिवशी जोडू नका, तिथे देवमाशाच्या सांगाड्यापुढे मुलं अडकतात आणि चित्रं राहून जातात. वेगळा दिवस काढा.

मार्क द्यायचे तर

चित्र "हुबेहूब" आलं का यावर एकही मार्क ठेवू नका. प्रत्येक कामामागे मुलाने तीन ओळी लिहायच्या, मी काय ठरवलं, कुठे अडकलो, चित्रकाराने त्याच जागी काय केलं. मार्क या ओळींना आणि पूर्ण केलेल्या कामाला. जन्मसाल विचारायचंच असेल तर तोंडी विचारा, एव्हाना पाठ झालेलंच असतं.

आणि वर्षाचा क्रम असा धरला तर सोपं जातं. खख्खर जुलै-ऑगस्टमध्ये, दुकानं घराजवळचीच असल्यामुळे पाऊस आड येत नाही. आजीची रांगोळी दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून द्या आणि ठसे सुट्टीनंतर. नसरीनबाईंच्या सावलीला स्वच्छ ऊन लागतं म्हणून ते डिसेंबरमध्ये, हिवाळ्यात सावल्याही लांब पडतात. मातीस उत्तरायणीच्या लगेच नंतरच्या आठवड्यात. कीर्ती मंदिर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आणि प्रदर्शन त्याच महिन्याच्या शेवटी, मार्चच्या परीक्षा यायच्या आत, दुकानदार काकांना आणि आज्यांना आमंत्रण देऊन.